पोटातल्या बाळाच्या किडनीला सूज : बाळंतपण माहेरी की परळला?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘बाळाच्या किडनीत पाणी साचलंय’ असं निघालं की आपल्याकडे चिपळूणपासून बांद्यापर्यंत घरोघर एकच वाद: पहिलं बाळंतपण माहेरी, की मुंबई गाठायची? त्याचं उत्तर रिपोर्टातच असतं. सूज एका बाजूला की दोन्ही, आणि गर्भजल किती, एवढं पाहा.

एकाच किडनीला सूज आणि गर्भजल व्यवस्थित असेल तर माहेरी खुशाल जा. शंभरातल्या एक-दोन गर्भांत अशी सूज दिसते, आणि सौम्य असेल तर बहुतेकदा जन्मानंतर आपोआप ओसरते. शेवटच्या तीन महिन्यांत किडनीच्या मधल्या पोकळीची रुंदी १५ मिलिमीटरच्या वर गेली, तर मात्र बाळंतपणाआधीच बालशल्यविशारद गाठून ठेवा. एक किडनी गाठींनी भरून निकामी असली तरी दुसरी निरोगी किडनी तिचं काम उचलते. अशी मुलं इतरांसारखीच वाढतात. फक्त दरवर्षी बीपी आणि लघवी तपासायची.

दोन्ही किडन्या सुजलेल्या, मूत्राशय तटतटलेलं आणि पाणी कमी, हे प्रकरण निराळं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. ती अडली की फुप्फुसं वाढत नाहीत, म्हणून जन्मताच पहिला धोका श्वासाचा. मूत्रमार्गात पडदा असेल तर लगेच कॅथेटर, मग दुर्बिणीतून पडदा कापणं. (हा पडदा मुलग्यांतच असतो, पण सोनोग्राफीवाले तसं बोलू शकत नाहीत, कायदा आहे, खोदून विचारू नका.) ऑपरेशन नीट होऊनही काहींच्या किडन्या पुढे थकतात, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागतं. किडनी कशी चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन पहिल्या वर्षात सर्वांत कमी असताना ०.८ (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या आत राहिलं तर आशा चांगली. जन्मानंतर लगेचचा आकडा आईचाच असतो, त्यावरून घाबरू नका.

इथे मी स्पष्ट म्हणेन, माहेरचा हट्ट सोडा. परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि मुलांचं हॉस्पिटल शेजारी-शेजारी आहेत. सावंतवाडीकरांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ. आठव्या महिन्यातच जाऊन राहा. आषाढात कळा सुरू झाल्यावर महामार्गाच्या भरवशावर निघणं, किंवा जन्मलेलं बाळ ऑक्सिजनवर घाटातून नेणं, दोन्ही वाईट.

पाचव्या महिन्यातच पाणी जवळजवळ नसेल आणि दोन्ही किडन्या दिसतच नसतील, तर फुप्फुसांअभावी बहुतेक बाळं वाचत नाहीत. दुसरं मत त्याच आठवड्यात घ्या. २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा प्रश्न वैद्यकीय मंडळापुढे जातो.

माहेरी राहणाऱ्यांनी दोन तारखा लिहून ठेवाव्यात. पहिली सोनोग्राफी बारशाच्या आधी, पण जन्मानंतर दोन दिवस सोडून, कारण तेव्हा लघवी कमी असल्याने सूज लपते. दुसरी चार ते सहा आठवड्यांनी. नेमकी तीच हुकते, कारण सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाहीत.