माथेरान : खोलीच्या आधी स्वयंपाकघर पाहावे

माथेरानला दोन रात्रींसाठी जाणाऱ्या मंडळींची चर्चा बहुधा खोलीपासून सुरू होते. दरी दिसते का, गच्ची आहे का, स्टेशनापासून किती चालावे लागते, हे सगळे विचारले जाते आणि जेवणाचा विषय निघतो तो निघण्याच्या आदल्या दिवशी. आम्ही चौघी मैत्रिणी गेल्या डिसेंबरात तिथे राहून आलो, आणि आता कुणी विचारले तर मी हा क्रम उलटा करायला सांगेन. येथील बहुतेक हॉटेले सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, चार वाजताचा चहा आणि रात्रीचे जेवण धरूनच दर सांगतात. पैसे एकदा भरले की बाजारपेठेत जाऊन दुसरीकडे जेवणे जिवावर येते, त्यामुळे आपण खोली घेतली असे वाटत असले तरी प्रत्यक्षात दोन दिवसांपुरता एक स्वयंपाकी निवडलेला असतो.

ढोबळमानाने निवड दोन प्रकारांतली असते. एकीकडे गुजराती-जैन पद्धतीची शाकाहारी हॉटेले आहेत. तिथे थाळी सढळ हाताने वाढली जाते, फरसाण आणि गोड पदार्थ रोज बदलतो, मुलांसाठी खेळ आणि रात्री तंबोला असतो. दुसरीकडे जांभ्या दगडाचे जुने बंगले आहेत, ज्यांतील काहींमध्ये अजून पारशी वळणाचा स्वयंपाक होतो. आम्ही दुसऱ्या प्रकारातील बंगला निवडला. काही तक्रारी पुढे करायच्या असल्यामुळे त्याचे नाव देत नाही.

पोहोचण्याचा भाग थोडक्यात सांगते. नेरळहून निघणारी छोटी गाडी 1907 साली सुरू झाली आणि तिचा रुळमार्ग जेमतेम दोन फूट रुंद आहे. ती हौसेने घ्यावी अशीच आहे, पण वर पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ घेते आणि तिकिटाची खात्री नसते, म्हणून आम्ही टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. त्यापुढे खासगी वाहनांना बंदी आहे. प्रवासी कर भरायचा आणि मग पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या शटलगाडीने गावात जायचे. आमच्यापैकी एकीचा गुडघा दुखरा असल्याने ई-रिक्षाची सोय किती मोलाची आहे ते रांगेत उभे असतानाच कळले. माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला, तो मला व्यक्तिशः फार उशिरा आलेला वाटतो.

आता जेवणाकडे वळते. पहिल्या दुपारी धनसाक होते. डाळी, भोपळा आणि मटण एकजीव होईपर्यंत शिजवलेले, सोबत कांदा-साखर परतून तपकिरी केलेला भात आणि लिंबू पिळलेली कचुंबर. पारशी घरांत हा पदार्थ रविवारचा. मंगलकार्यात मात्र तो करत नाहीत, कारण मृत्यूनंतर चौथ्या दिवशी दुखवटा संपवताना तो खाण्याची रीत आहे. आमच्या कुणाच्याही मनात त्या क्षणी मंगल-अमंगलाचा विचार आला नाही, कारण डाळ तळाला लागण्याच्या एक क्षण आधी उतरवल्यावर जो दाटपणा येतो तो तिच्यात होता, आणि तिघींनी दोनदा वाढून घेतले. सकाळच्या अकुरीत, म्हणजे पारशी पद्धतीच्या भुर्जीत, अंडी ओलसर ठेवलेली होती, मिरची बारीक चिरलेली होती आणि पाव मात्र आदल्या दिवशीचा होता. गवती चहा आणि पुदिना घालून उकळलेल्या चहाची किटली मागितली तितक्या वेळा आली.

चौथी मैत्रीण शाकाहारी आहे, आणि तिची पाचही जेवणांत फ्लॉवर-बटाट्यावर बोळवण झाली. नोंदणी करताना तिच्याबद्दल आम्ही दोनदा कळवले होते. मटणाविना डाळ वेगळी काढून ठेवणे काही अवघड नव्हते; तसे न सुचणे हा स्वयंपाकघराचा दोष आहे आणि माणशी दिवसाला 2,800 रुपये घेतल्यावर तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. दर जास्त का, हे समजू शकते, कारण भाजीच्या जुडीपासून गॅसच्या टाकीपर्यंत सर्व काही दस्तुरीहून घोड्यांवर किंवा माणसांच्या डोक्यावर वर येते. पण महागाईचे कारण खरे असले म्हणून रोज तीच भाजी वाढणे समर्थनीय ठरत नाही.

खोल्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. छत उंच, पलंग जुने, गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढेच, आणि न्हाणीघराची कडी लागत नव्हती. व्हरांडा मात्र असा की लुईझा पॉइंटला जाऊन समोरचा प्रबळगड पाहून परत आल्यावर दुसरीकडे कुठे जावेसे वाटले नाही. वेताच्या खुर्च्यांवर बसून चौघींनी संध्याकाळचे तीन तास नुसत्या गप्पांत काढले. गाड्यांचा आवाज नसल्याने कुणालाही आवाज चढवावा लागला नाही, हे घरी परतल्यावर लक्षात आले. फक्त खाण्याची वस्तू उघडी ठेवू नये. आमच्या चिक्कीचे अख्खे पाकीट एका माकडाने शांतपणे उचलून नेले आणि समोरच्या जांभळाच्या झाडावर बसून आमच्यादेखत संपवले.

तिघींच्या जिभेने विचारले तर या बंगल्याला मी पाचपैकी चार गुण देईन. चौथीने अडीच दिले आहेत आणि तेही चहासाठी. मुसळधार पावसाचे महिने सरल्यावर, नेरळची गाडी पुन्हा वरपर्यंत येऊ लागली की आम्ही परत जाणार आहोत. या वेळी हॉटेल शाकाहारी असेल, ते निवडण्याचा अधिकार तिच्याकडे दिला आहे, आणि तिने पहिला फोन करून खोलीबद्दल एक अक्षरही न विचारता रात्रीच्या जेवणात कढी असते का, एवढेच विचारून घेतले.