गिरणगाव वॉक जरूर करा, फक्त दगडी चाळीपाशी प्रश्न विचारा

रविवारी सकाळी मुंबईच्या जुन्या गिरण्यांच्या भागातला गिरणगाव वॉक केला, पाचपैकी चार स्टार देतेय. लालबागहून भायखळ्यापर्यंत चालत न्यायचं आणि चाळी, गिरण्यांच्या उरल्यासुरल्या चिमण्या दाखवायच्या असा प्रकार आहे. गाइड स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा, त्यामुळे १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाख कामगार बाहेर, मग घरातली भांडी कशी विकली गेली, बायकांनी डबे करून घर कसं चालवलं हे त्याच्या तोंडून ऐकताना पोटात कालवतं.

एक स्टार कापलाय तो दगडी चाळीसाठी. गेटबाहेर सगळे फोन काढून उभे, गाइड डॅडीचे, म्हणजे याच चाळीतल्या गँगस्टर अरुण गवळीचे, किस्से सांगतोय आणि ग्रुपमधला एकजण म्हणाला, या लोकांना कळत कसं नाही, गुंडाला देव मानतात. अहो सगळं कळतं त्यांना! शेजारच्या चाळीत एक मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, दिराने पागडीची (जुन्या भाडेपद्धतीची) खोली बळकावली, कोर्टात तारखेवर तारीख, चौकीत तर बसा पण म्हणायचे नाहीत, तिकडे दगडी चाळीत डॅडीच्या दरबारात गेलो तर खुर्ची दिली, चहा दिला आणि खोली परत मिळाली. गिरणी गेली, युनियन संपली, सरकार फिरकलं नाही, तेव्हा दारात उभं कोण राहिलं हे माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. २००४ ला चिंचपोकळीतून अरुण गवळी आमदार झाला तो काय नुसत्या भीतीने नाही.

पण त्याची किंमत कोणी भरली हेही गाइडने तिथेच सांगायला पाहिजे होतं. गँगवॉरमध्ये मेलेली कितीतरी पोरं याच चाळींतली, कामगारांचीच. हप्ता द्यायचा तो नाक्यावरच्या दुकानदाराने, आणि खोली मिळाली की साक्षीला उभं राहायचं नाही हे न सांगताच ठरलेलं. २००७ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना घाटकोपरला त्यांच्या घरात घुसून गोळ्या घातल्या, २०१२ ला गवळीला त्यात जन्मठेप झाली, आणि अख्ख्या वॉकमध्ये जामसांडेकरांचं नाव एकदाही निघालं नाही, हे मला फार खटकलं. मावशींपाशी मी ते नाव काढलं. त्या म्हणाल्या, ते वाईटच झालं गं, त्याच्या घरच्यांचा तळतळाट लागणारच. आणि लगेच पुढे, पण माझी खोली मला दुसऱ्या कोणी दिली असती का? मला उत्तर देता आलं नाही.

आयोजकांना विनंती, गेटसमोरचा फोटो स्टॉप बंद करा आणि तो वेळ अशा मावशींशी बोलायला द्या, परवानगी घेऊन अर्थातच. बाकी पैसे वसूल, लहान मुलांना नेऊ नका, चालणं बरंच आहे.