मक्याचा ब्रेड: बिडात भाजावा की केकच्या डब्यात?

कोल्हापुरात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, म्हटलं की शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आठवतात, पंपाचे आणि इंजिनाचे भाग आठवतात. ब्रेड काही आठवत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात साउथ पिट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे, तिथं मात्र दोन्ही एकत्र नांदतात. लॉज कंपनी तिथं १८९६ पासून बिडाची भांडी ओतते आणि १९९७ साली त्याच गावात कॉर्नब्रेडचा उत्सव सुरू झाला. आपणही ओतकामाच्याच गावचे, तेव्हा मक्याचा ब्रेड घरी करायचा तर बिडाचा पॅन घ्यावा का, की केकच्या डब्यावर भागेल? गेल्या पावसाळ्यात मी दोन्हींत करून बघितला. मध्येच तिसरंही एक भांडं घुसलं.

भांड्याआधी पिठाचं बोलू, कारण पहिली माती तिथंच होते. दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून जी पांढरी पावडर मिळते तो मक्याचा स्टार्च; त्याची खळ होते, ब्रेड नाही. पिवळा मका गिरणीत द्यायचा आणि रव्यासारखा जाडसर दळून आणायचा. वीस सेंटिमीटरच्या भांड्याला एक कप हे पीठ, अर्धा कप मैदा किंवा कणीक, एक अंडं, एक कप दाट ताक, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ आणि दोन-तीन मोठे चमचे तूप. ताक जेवणानंतर पितो तसलं पातळ नको. दही नुसतं घुसळून थोडंसं सैल करायचं. ताकाच्या आंबटपणाने सोडा फुलतो, म्हणून कालवल्यावर गप्पा मारत बसायचं नाही.

आता बीड. पॅन रिकामाच ओव्हनमध्ये ठेवून २२० अंशांवर चांगला तापवायचा, शेवटच्या दोन मिनिटांत त्यात तूप सोडायचं. मग पॅन बाहेर काढून पीठ ओतायचं. चर्र होतं, कडेचं पीठ घावनासारखं लगेच पांढरट होऊन आवळतं आणि तूप त्याच्या कडेने बुडबुडत वर येतं. तळाचा पापुद्रा तिथंच, त्या अर्ध्या मिनिटात ठरतो. पुढची वीस मिनिटं फक्त आतला भाग शिजायला. तूपच घ्या. लोण्यातला दुधाचा अंश एवढ्या तापात करपतो.

हेच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात का होत नाही? किलोला किलो तोललं तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता धरतं. पण डबा असतो दीड-पावणेदोनशे ग्रॅमचा आणि पॅन दीड किलोचा. म्हणजे बिडाच्या पोटात सुमारे चौपट साठा. गार पीठ पडलं की डबा गपकन निवतो, बिडाला फारसा फरक पडत नाही. डबाही तूप घालून तापवून बघितला. नुसता ओतण्यापेक्षा बरा, पण खालची बाजू केकसारखी मऊच.

मऊ वाईट असंही नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कॉर्नब्रेडमध्ये साखर घालणं अनेकांना खपत नाही, उत्तरेकडे गोड चालतो. तुम्हाला गूळ घालून चहाबरोबर खायचा असेल तर डबाच घ्या आणि १८० अंशांवर भाजा. गुळाचं पीठ तापलेल्या बिडात ओतलं की वर रंग यायच्या आत खालून कडवट होतं. तांबड्या रश्श्यात बुडवायचा असेल तर मात्र साखर-गूळ काही नको, आणि तो खालचा पापुद्रा पाहिजेच. मऊ तुकडा रश्श्यात पडला की विरघळून तळाशी बसतो, कडक पापुद्र्याचा तुकडा रस्सा पिऊनही हातात राहतो. माझं मत इथं बिडाकडे झुकलंय, ते लपवत नाही.

बिडाचा जाच म्हणजे आपला पाऊस. जूनमध्ये उरलेला अर्धा ब्रेड मी रात्रभर पॅनमध्येच झाकून ठेवला. सकाळी ब्रेडच्या बुडाला काळसर डाग, वास लोखंडाचा, आणि पॅनवरचं तेलाचं काळं कवच जागोजागी उडालेलं. ताकाचा आंबटपणा अर्ध्या तासाच्या भाजण्यात काही करत नाही, रात्रभरात करतो. परत तेलाचे पातळ हात देऊन चार वेळा भाजला तेव्हा पॅन ताळ्यावर आला. ब्रेड काढला की पॅन धुवायचा, गॅसवर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं. एवढं रोज होणार नसेल तर डबा सुखाचा.

तिसरं भांडं म्हणजे बिडाचं आप्पेपात्र. ओव्हन नसेल तर माझं उत्तर हेच. खळगे तापवून प्रत्येकात तूप, मग पाऊण खळगा पीठ. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं, उलटून दोन. ओव्हनमधल्या ब्रेडला एकाच बाजूने पापुद्रा, इथं दोन्ही बाजूंनी. शेजारच्या काकू चव घेऊन म्हणाल्या, “ह्यात मिरची-कोथिंबीर का नाही गं घातलीस?” पुढच्या वेळी घातली. उघड्या गॅसवर पॅनमध्येही झाकण ठेवून होतो, पण वरून फिकट आणि ओलसर राहतो. कोकणात धोंडसाला, म्हणजे काकडीच्या गोड केकला, झाकणावर निखारे ठेवतात ते याचसाठी.

घरातला भाकरीचा बिडाचा तवा चालेल का? उथळ असेल तर नाही, पीठ बाहेर येतं. किमान चार-पाच सेंटिमीटर खोली लागते. गोल बुडाच्या कढईत मधला भाग कच्चा राहतो आणि कडा वाळतात.

नवा पॅन घ्यायचाच असेल तर आधी ओव्हनमध्ये टेप धरा, आणि पॅन दांड्यासकट मोजा. लहान ओव्हनमध्ये पंचवीस सेंटिमीटरचा पॅन दांड्यामुळे अडकतो, दार लागत नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचा तर नकोच. आणि पॅन बाहेर काढल्यावर दांड्यावर जाड फडकं टाकून ठेवा. दहा मिनिटांनीही तो तेवढाच चटका देतो, माझ्या तळव्यावर खूण आहे.