फॉरमॅटचे पैसे वाचवणारं फाईल लॉकस्मिथ : काही महिन्यांच्या वापरानंतर

फॉरमॅट मारायचे सहाशे रुपये, आणि डेटा काढून द्यायचे वेगळे. एक फोल्डर डिलीट होत नाही एवढ्याच तक्रारीवर गावातल्या दुरुस्तीवाल्याने हा आकडा सांगितला. माऊसला हात लावायच्या आधीच 'व्हायरस आहे' म्हणून मोकळा झाला. कोणता व्हायरस, फाईल कोणी धरून ठेवलीय, हे विचारलं तर म्हणे, 'तुम्हाला ते कळायचं नाही.' मी मशीन उचललं आणि परत माझ्या दुकानात आणलं. त्याच आठवड्यात पॉवरटॉइज हे विंडोजसाठीच्या छोट्या साधनांचं गाठोडं टाकलं. अडलेली फाईल कोणी धरलीय ते दाखवणारं त्यातलं फाईल लॉकस्मिथ तेव्हापासून रोज वापरतोय, आणि त्याबद्दल आता मला ठामपणे बोलता येईल.

अंबाजोगाईत माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाचं केवायसी ही नेहमीची कामं. त्यात 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटिअरचा शासन निर्णय निघाल्यापासून कुणबी दाखल्यासाठी जुन्या नोंदींचे स्कॅन घेऊन येणारेही असतात. प्रत्येकाचं आधार, पासबुक, सातबारा आधी माझ्या मशीनवर येतं, मग पोर्टलवर चढतं. काम झालं की ते मशीनवरून गेलंच पाहिजे, यावर मी हटून बसतो. 'दादा, माझं आधार तेवढं काढून टाका बरं कॉम्प्युटरातून,' असं एखादी मावशी काउंटरपाशी उभी राहून म्हणते, तेव्हा तिच्या देखत फाईल उडाली पाहिजे. अशा वेळी 'ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे' अशी खिडकी पडद्यावर आली की तिला काय सांगणार? तिला वाटणार, हा माझं आधार ठेवून घेतोय.

साधनाची ओळख थोडक्यात. पॉवरटॉइज मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे. फाईल लॉकस्मिथ त्यात 0.64 या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर 2022 पासून आलं. अडलेल्या फाईलवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करायचं, लॉकस्मिथ निवडायचं, की ती कोणत्या प्रोग्रामने धरलीय त्यांची यादी येते. प्रत्येक नावासमोर 'एंड टास्क'चं बटण असतं. लॉकस्मिथ स्वतः काही डिलीट करत नाही, फक्त धरणारा दाखवतं. मला तेच हवं होतं.

कारण फाईल हट्ट करते त्यात बहुतेक वेळा व्हायरसचा काही संबंध नसतो. विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रामने बाकीच्यांना पुसायची मुभा न देता फाईल उघडली, की तो सोडेपर्यंत ती डिलीट होत नाही. लिनक्सवर असं नसतं. तिथं नाव लगेच निघून जातं आणि धरणाऱ्याने सोडली की डिस्कवरची जागा मोकळी होते. माझ्या त्या फोल्डरवर लॉकस्मिथ चालवलं तर यादीत एकच नाव आलं, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचं. खिडकी बंद केली तरी ते खाली घड्याळाजवळ जागंच राहायचं आणि शेवटची पीडीएफ सोडायचं नाही. तिथून त्याला बाहेर काढलं आणि फोल्डर गेलं. सहाशे रुपये यासाठी मागितले होते!

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो : रिकामी यादी. काही दिवसांनी एक एक्सेल फाईल अडली. लॉकस्मिथ लावलं, तर यादी कोरी, कोणीच धरलेलं नाही. डिलीट करायला गेलं की विंडोज म्हणतं, फाईल उघडी आहे. त्या दिवशी माझं मत असं झालं की हे साधन अर्धवट आहे आणि काढून टाकावं. मग खिडकीतलं 'रिस्टार्ट अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' दाबलं आणि नाव आलं, एक्सेल. बाजूचा बाण उघडला तर वापरकर्त्याच्या रकान्यात कामावरच्या पोराच्या खात्याचं नाव. आमच्या मशीनवर दोन खाती आहेत. पोरगं जेवायला जाताना 'स्विच यूजर' करून गेलं होतं, त्याच्या खात्यात एक्सेल तसंच चालू होतं. फोल्डरमध्ये लपवलेल्या फाईली दाखवल्या तर ~$ ने सुरू होणारी एक्सेलची ती छोटी फाईलही तिथंच पडलेली होती. ती दिसली की समजावं, बहुधा कोणीतरी मूळ फाईल उघडी ठेवलीय.

मायक्रोसॉफ्टच्या माहितीत हे सांगितलेलं आहे की साध्या परवानगीत दुसऱ्या वापरकर्त्याचे प्रोग्राम तपासता येत नाहीत. पण माहितीपान उघडून कोण वाचतं? रिकाम्या यादीचे दोन अर्थ होतात, 'कोणी धरलेलं नाही' आणि 'मला बघायची परवानगी नाही'. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा अर्थ असेल तेव्हा तो त्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलेला असायला हवा. तालुक्याच्या गावात एका मशीनवर दोघं-तिघं काम करतात, शाळेत तर वर्गच्या वर्ग एका मशीनवर बसतो. तिथं हीच अडचण सगळ्यात जास्त येणार. म्हणून माझी पद्धत आता ठरलीय : यादी कोरी आली की तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दाबायचं आणि मगच बोलायचं.

एक जपायचं. 'एंड टास्क' दाबलं की तो प्रोग्राम सेव्ह करू का म्हणून विचारत नाही, सरळ मरतो. पोराच्या एक्सेलवर मी ते दाबलं नाही. तो येईपर्यंत थांबलो, त्याने सेव्ह करून बंद केलं. त्यात दुपारभर भरलेली नावं होती. बटणाचा खरा उपयोग अडकून पडलेल्या प्रोग्रामसाठी आहे. अँटिव्हायरससारखे संरक्षित प्रोग्राम त्या बटणाला दादही देत नाहीत.

आणि काही ठिकाणी लॉकस्मिथचा काहीच उपयोग नाही, कारण तिथं फाईल कोणी धरलेलीच नसते. नावच आडवं येतं. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाईलपर्यंतच्या पूर्ण पत्त्याला जुनी मर्यादा 260 अक्षरांची. आपण मराठीत नावं देतो तेव्हा ही मर्यादा लवकर गाठते, कारण काना, मात्रा, जोडाक्षरातलं हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'प्रमाणपत्र' आपल्याला पाच अक्षरी दिसतं, विंडोज ते दहा धरतं. गावाचं फोल्डर, त्यात कुटुंबाचं, त्यात 'कुणबी प्रमाणपत्र अर्ज जुन्या नोंदी', अशी उतरंड झिपमधून उघडली की आतली फाईल ना उघडते ना पुसली जाते. यावर उपाय सोपा आहे. वरच्या फोल्डरपासून सुरुवात करून नावं क, ख, ग अशी एकाक्षरी करत खाली जायचं. पत्ता आखूड झाला की डिलीट होतं.

दुसरा प्रकार पेनड्राइव्हवर हमखास भेटतो. ऑटोरन डॉट इन्फ नावाची फाईल टाकून व्हायरस आपोआप चालू व्हायचे. ते घुसू नयेत म्हणून पूर्वी कॅफेवाले त्याच नावाचं फोल्डर आधीच करून ठेवायचे, आणि त्यात सी-ओ-एन किंवा एल-पी-टी-3 अशा नावाचं आणखी एक फोल्डर घातलेलं असायचं. ही विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून राखीव ठेवलेली नावं, म्हणून विंडोजचं फाईल एक्सप्लोरर त्यांना हात लावत नाही. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा राहिली तरी हेच होतं, आणि संदेश तर असा येतो की अशी वस्तू सापडतच नाही. इथं कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडायची, डिलीटची कमांड (फाईलला डेल, फोल्डरला आरडी) द्यायची आणि पूर्ण पत्त्याच्या आधी \\?\ ही चार चिन्हं लावायची. मग विंडोज नाव तपासत बसत नाही, जसं आहे तसं घेतं आणि पुसतं. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही.

लाईट गेल्यावर अर्धवट कॉपी झालेल्या फाईली हा आमच्याकडचा आणखी एक त्रास. नावात भलतीच चिन्हं, साईज अफाट. त्यांच्यावर चेकडिस्क ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवायची, स्लॅश एफ लावून. ज्या पेनड्राइव्हवर काहीच पुसलं जात नाही, नवीन काही लिहिलंही जात नाही, त्याची चिप बहुधा जायला लागलेली असते. त्यातलं आहे ते काढून घ्या आणि नवा आणा, त्याच्यावर पैसे घालू नका.

पॉवरटॉइज टाकायचं नसेल तर विंडोजमध्ये आधीपासून रिसोर्स मॉनिटर आहे. सीपीयूच्या पानावर 'असोसिएटेड हँडल्स'मध्ये फाईलचं नाव शोधता येतं. सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर त्याहून तगडं, त्यातल्या 'फाइंड' मेनूतून शोधा. सिसइंटर्नल्स 2006 पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि तेही फुकट मिळतं. अनोळखी साईटवरचे 'जबरदस्तीने डिलीट करा'वाले प्रोग्राम मात्र मशीनवर घेऊ नका, त्यांच्यासोबत नको ते पाहुणे येतात.

माझ्यासारख्या, लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्यांनी एवढं तरी करा. फाईल सुटली की रिसायकल बिन रिकामं करा, कारण तिथं ती जशीच्या तशी पडून असते. बिन रिकामं केल्यावरही साध्या हार्ड डिस्कवरचा मजकूर सॉफ्टवेअरने परत काढता येतो. त्यासाठी विंडोजची सायफर ही कमांड आहे. स्लॅश डब्ल्यू लावून ड्राइव्हचं नाव दिलं की ती मोकळ्या जागेवर नव्याने लिहून जुनं मिटवते. वेळ बराच घेते, म्हणून मी ती रविवारी दुकान बंद असताना लावून ठेवतो.