इंग्लंडच्या सरकारी शाळेतली ‘सीट’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या बायकोला इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी लागली. मागोमाग पोरांनाही न्यायचं ठरलं. दोघंही खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली. बेळगावातल्या एका एजंटानं नेमकी हीच नस पकडली.

“वैनी, मराठी मीडियमचा दाखला तिकडं चालत नाही. समकक्षतेचं सर्टिफिकेट काढावं लागतंय. आणि सीट आत्ताच बुक नाही केली तर पोरं वर्षभर घरात बसतील.”

सर्टिफिकेटचे वेगळे, सीटचे वेगळे, असे लाखाच्या वर पैसे यूपीआयनं गेले, तेही ऑफिसच्या नव्हे, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. मग पत्र आलं. वर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, पोरांची नावं, आणि राहण्याचा पत्ता म्हणून आमचं खानापूरचं घर! आधीपासून तिकडं असलेल्या ओळखीच्या नर्सताईंनी ते बघितलं आणि विचारलं, “तुमचं घर कुठं ते अजून ठरलं नाही, मग शाळा कुठून मिळाली?”

तिथल्या सरकारी शाळेत प्रवेशाला फी नाही, शिकवण्यालाही नाही. वर्षाच्या मधे जाणाऱ्या मुलांसाठी अर्ज स्थानिक कौन्सिलकडं किंवा थेट शाळेकडं करायचा, तोही फुकट. शाळेत जागा हवी, आणि मागणी जास्त असेल तर घर किती जवळ हे बहुतेक ठिकाणी बघतात. म्हणजे खानापुरात बसून सीट विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. इयत्ता वयावरून ठरते: ३१ ऑगस्टला ८ वर्षं पूर्ण असतील तर पोरगं सप्टेंबरपासून इयर फोरमध्ये. मराठी मीडियमनं काही अडत नाही, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना शाळाच मदत करते. शाळा कशी आहे हे ऑफस्टेडच्या, म्हणजे तिथल्या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या अहवालांत कुणालाही फुकट वाचता येतं.

फी घेणाऱ्या खासगी शाळा वेगळ्या. पण तिथंही पैसे शाळेच्या खात्यावर भरायचे, एजंटाच्या नाही.

पोरांच्या शाळेची आईबापाला किती धास्ती असते हे ओळखून हा माणूस पैसे उकळतोय, याचा मला संताप येतो. त्याचा फोन आता बंद आहे. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलिसांकडं व्यवहाराचे स्क्रीनशॉट दिले. तुमचेही असे पैसे गेले असतील तर पत्र आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि आजच १९३० ला फोन लावा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे पुढं सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त.