प्रथम वर्षाच्या स्वागतासाठी ओळखीचे खेळ : कोणता निवडावा

जुलै-ऑगस्टच्या पावसात नाशिकच्या महाविद्यालयांत प्रथम वर्षाचे वर्ग भरू लागतात, तेव्हा एकाच सभागृहात अगदी वेगवेगळ्या वाटांनी आलेली मुले-मुली शेजारी बसलेली असतात. कोणी गंगापूर रोडवरच्या घरून दुचाकीने आलेले असते, कोणी पेठ किंवा सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून, तर कोणी मालेगावहून येऊन आदल्याच दिवशी वसतिगृहात सामान टाकलेले असते. घरात कोणाच्या अहिराणी, कोणाच्या कोकणा, कोणाच्या उर्दू बोलली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने प्रवेशोत्तर कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली आणि तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीसाठी आखलेला कार्यक्रम तर मुळात तीन आठवड्यांचा होता. त्यामुळे वेळ मिळतो का, हा प्रश्न उरलेला नाही. मिळालेल्या तासा-दोन तासांत नेमके काय घ्यायचे, हे स्वागत समितीतील प्राध्यापकांना आणि द्वितीय वर्षाच्या स्वयंसेवकांना ठरवायचे असते. त्यांच्यासाठी येथे नेहमीच्या खेळांची तुलना केली आहे. ती करताना मी एकच कसोटी लावली आहे : सभागृहातील सर्वांत बुजलेल्या विद्यार्थ्याला त्या खेळातून किमान एका व्यक्तीशी मोकळेपणाने बोलता येते की नाही.

सर्वाधिक रुळलेला प्रकार म्हणजे व्यासपीठावर येऊन माइकवर स्वतःची ओळख करून देणे. त्याला तयारी लागत नाही आणि प्राध्यापकांना चेहरे दिसतात, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकी एक मिनिट धरले, तरी पूर्ण तास जातो, आणि त्या तासात प्रत्येक विद्यार्थी एक मिनिट बोलतो व एकोणसाठ मिनिटे ऐकतो. परस्परांशी संवाद असा होतच नाही. ज्याची पाळी यायची आहे त्याचे लक्ष स्वतःच्या वाक्याकडे असते, त्यामुळे आधीच्या दहा जणांची नावेही त्याच्या कानांवरून जातात. शिवाय या प्रकारात ‘पूर्ण नाव, गाव, गुण, वडील काय करतात’ असा साचा आपोआप तयार होतो. आपल्याकडे आडनावावरून जातीचा, गुणांवरून प्रवेशाच्या प्रवर्गाचा आणि वडिलांच्या व्यवसायावरून घरच्या परिस्थितीचा अंदाज बांधला जातो, हे सर्वांना ठाऊक असताना पहिल्याच दिवशी ही माहिती शेकडो अनोळखी माणसांसमोर मागणे मला अन्यायाचे वाटते. हा प्रकार टाळता येत नसेल तर निदान फक्त पहिले नाव आणि एखादी आवड, एवढेच विचारावे.

त्याच साठ जणांना तीस-तीसच्या दोन वर्तुळांत, आतले बाहेर तोंड करून आणि बाहेरचे आत तोंड करून, समोरासमोर उभे केले, दर तीन मिनिटांनी बाहेरच्या वर्तुळाला एक जागा पुढे सरकवले, तर साधारण अर्ध्या तासात प्रत्येकाचे दहा जणांशी बोलणे होते. या जोडी-संवादाचे यश प्रश्नांवर अवलंबून असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर अॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी व्यक्तींच्या जोड्यांना हळूहळू अधिक वैयक्तिक होत जाणारे प्रश्न 45 मिनिटांसाठी दिले होते, आणि वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांना एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटली. त्यातले शेवटचे खोल प्रश्न पहिल्या दिवशी उचलण्याची गरज नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत : प्रश्न पायरीपायरीने वाढवणे आणि प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर देणे. ‘येथपर्यंत कसे आलात, वाटेत किती गाड्या बदलल्या?’ येथून सुरुवात करून ‘ही शाखा घ्यायचे कोणी ठरवले?’ आणि पुढे ‘या वर्षी कशाची धास्ती वाटते?’ इथपर्यंत पोहोचता येते. कोणत्या भाषेत बोलायचे ते जोडीने ठरवावे, आणि नको असलेला प्रश्न सोडून देण्याची मुभा आधीच जाहीर करावी. इंग्रजीत बोलण्याची सक्ती केली, की अर्धे वर्तुळ गप्प होते. माझ्या कसोटीला हा खेळ सर्वांत चांगला उतरतो, कारण येथे प्रेक्षक नसतात. चूक झाली तरी ती एकाच माणसासमोर होते.

‘बिंगो’ पद्धतीचा खेळ मोठ्या संख्येला सोयीचा आहे. कागदावर सोळा चौकटी आखायच्या, प्रत्येकीत एक वर्णन लिहायचे आणि त्या वर्णनाची व्यक्ती शोधून तिची सही घ्यायची. माणशी एका झेरॉक्सच्या खर्चात दोनशे मुले जागची हलतात. मात्र धीट मुले भराभर सह्या गोळा करून मोकळी होतात आणि बुजरी मुले भिंतीशी उभी राहतात, असा याचा दोष आहे. सर्वांत आधी पूर्ण करणाऱ्याला बक्षीस न ठेवता, प्रत्येक सहीसोबत त्या व्यक्तीविषयी एक ओळ लिहायला सांगितली, की तो दोष बराचसा जातो. चौकटी तयार करताना नाशिक जिल्हा डोळ्यांसमोर असावा : ‘घरी अहिराणी बोलतात’, ‘द्राक्षाच्या बागेत काम केले आहे’, ‘पांडवलेणी चढून आलो आहे’, ‘रोज एसटीने ये-जा करणार’. ‘विमानाने प्रवास केला आहे’ किंवा ‘स्वतःची गाडी आहे’ अशा चौकटींतून पैशाची मोजदाद होते, म्हणून त्या गाळाव्यात.

‘दोन खरे, एक खोटे’ हा खेळ इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आलेल्यांच्या परिचयाचा असतो. स्वतःविषयी तीन विधाने करायची आणि त्यांतले खोटे कोणते ते इतरांनी ओळखायचे. पाच-सहा जणांच्या गटात तो रंगतो हे मान्य आहे, परंतु पहिल्या दिवशी मी तो सुचवणार नाही. चटकन काहीतरी चमकदार सुचणे आणि ते आत्मविश्वासाने सांगणे या दोन्ही गोष्टी ज्यांना शाळेत सरावाच्या झाल्या, त्यांनाच यात वाव मिळतो. पदव्युत्तर वर्गात, जेथे वीस-बावीस विद्यार्थी असतात, तेथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्यायला हरकत नाही.

यापेक्षा ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ हा आपला खेळ कितीतरी उपयोगाचा आहे आणि तो फारसा विचारात घेतला जात नाही, याची मला खंत वाटते. तो बहुतेकांनी प्राथमिक शाळेच्या पटांगणात खेळलेला असतो, त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही, आणि ज्यांना तो माहीत नसतो त्यांना तो पाहता पाहता कळतो. पुकारलेल्या संख्येइतक्यांचे गट करायचे, हा त्याचा गाभा आहे. मूळ खेळात उरलेला बाद होतो. येथे कोणालाही बाद करू नये, उरलेल्यांना जवळच्या गटात घ्यावे आणि प्रत्येक गट जमल्यावर दोन मिनिटांचा एक सोपा प्रश्न द्यावा. पावसामुळे मैदान निसरडे असेल तर सभागृहात खुर्च्या बाजूला करून, धावण्याऐवजी चालत खेळवावा. ज्यांना चालण्याची अडचण आहे त्यांच्याकडे संख्या पुकारण्याचे काम सोपवून बाजूला बसवण्यापेक्षा, इतरांनी त्यांच्याभोवती गट करावा, असे संयोजकांनी आधी ठरवून ठेवावे.

परिसरातील शोधखेळाला वेळ अधिक लागतो, साधारण दीड तास, पण त्याचा दुहेरी लाभ होतो. सहा जणांच्या गटाने ग्रंथालय, बोनाफाइड मिळण्याची खिडकी, एसटीच्या सवलत पासची माहिती देणारा कर्मचारी, महाडीबीटी शिष्यवृत्तीचे काम पाहणारा विभाग आणि रॅगिंगविरोधी समितीचा फलक शोधायचा. समोरासमोर बसून बोलणे ज्यांना जड जाते, त्यांना सोबत चालताना बोलणे सोपे जाते, आणि न बोलणाऱ्यालाही पाटी वाचण्याचे, वाट काढण्याचे काम मिळते. इमारत लहान असेल तर यात राम नाही.

एकमेकांचे हात धरून गुंता सोडवण्याचे खेळ, आणि हरलेल्याला व्यासपीठावर नाचायला किंवा गायला लावणारे खेळ, हे दोन्ही मी सरळ वगळतो. पहिल्यात अनेक मुलींना, आणि मुलांनाही, स्पर्शाचा संकोच वाटतो. दुसऱ्याविषयी कायदाच पुरेसा स्पष्ट आहे : महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमात विद्यार्थ्याला लाज किंवा अवघडलेपण वाटेल असे कृत्य, तसेच तो एरवी स्वेच्छेने करणार नाही असे काही करायला सांगणे, यांचा समावेश रॅगिंगच्या व्याख्येत आहे. ज्येष्ठ विद्यार्थ्यांचा हेतू निर्मळ असला तरी समोरच्याला नकार देता येतो का, हे पाहावे लागते. भेंड्या मात्र संघाने खेळायच्या असल्याने चालतात. त्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवाव्यात.

साठांपर्यंतचा वर्ग असेल तर जोडी-संवादाची वर्तुळे घ्यावीत. दीडशे-दोनशे विद्यार्थी असतील तर ‘डोंगराला आग’ने सुरुवात करून बिंगोकडे जावे. दोन दिवस हातात असतील तर दुसऱ्या सकाळी शोधखेळ ठेवावा, आणि तोही दुपारच्या आत संपेल असा, म्हणजे ये-जा करणाऱ्यांची परतीची एसटी चुकणार नाही.

निवड कोणतीही असो, गट कसे पाडायचे हा निर्णय मला खेळाच्या निवडीपेक्षा मोठा वाटतो. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात पहिल्या भेटीच्या सत्रात विद्यार्थ्यांना चिठ्ठीने जागा दिल्या गेल्या आणि वर्षभरानंतर पाहिले, तेव्हा शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांमध्ये अधिक मैत्री आढळली. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या अंदाजानुसार साध्या मैत्रीलाही सुमारे 50 तासांचा सहवास लागतो. एका सकाळच्या खेळातून तेवढे तास निघणे शक्य नाही, ते प्रयोगशाळेत आणि ट्यूटोरियलमध्येच मिळतात. म्हणून प्रात्यक्षिकाच्या बॅचची यादी आधी तयार करावी आणि खेळातले गट त्याच यादीप्रमाणे पाडावेत, म्हणजे सोमवारी खेळात भेटलेले सहा जण गुरुवारी एकाच टेबलाशी उभे असतील. बॅच आडनावाच्या अक्षरक्रमाने न पाडता चिठ्ठीने पाडल्या, तर एकाच शाळेतून आलेले घोळके आपोआप विखुरतात.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतून येणारे विद्यार्थी या सगळ्यानंतर दाखल होतात आणि तोवर बाके ठरून गेलेली असतात. त्यांच्यासाठी कार्यक्रम पुन्हा करण्याची गरज नाही. प्रत्येक बॅचमध्ये दोन जागा आधीच मोकळ्या ठेवाव्यात आणि नवा विद्यार्थी येईल त्या दिवशी प्रात्यक्षिकाची पहिली पंधरा मिनिटे त्याच्या गटाला जोडी-संवादासाठी द्यावीत.