अकरा महिन्यांचा करार की तेहतीस? भाडेवाढीचा हिशेब दोन्ही बाजूंनी

करार संपत आला की मालक म्हणतात, "सोसायटीने मेंटेनन्स वाढवला, यंदा दहा टक्के." भाडेकरू म्हणतो, "कायद्यात चारच टक्के आहेत." चार टक्के कायद्यात आहेत हे खरं, पण १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातली ती वार्षिक वाढ पागडीच्या, म्हणजे जुन्या संरक्षित भाडेकरूंच्या घरांना लागू होते. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-करारावर, घेतलेल्या फ्लॅटचं भाडं आणि वाढ करारात लिहिली असेल तीच. आणि करार चालू असताना मालकाला ती एकतर्फी बदलता येत नाही.

पागडीची वाट नव्याने घर शोधणाऱ्याला सहसा उपलब्ध नसते, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. एवढंच सांगतो, की १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला आणि चाळींना टेकू लागले. भाडेकरूचं भाडं वाचलं, पण छत गळायला लागलं.

म्हणजे खरी निवड दोनच पर्यायांत आहे: दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि नवी घासाघीस, किंवा तेहतीस महिन्यांचा करार आणि त्यात आधीच लिहिलेली वाढ.

समजा भाडं २०,००० आहे. तेहतीस महिन्यांच्या करारात दर अकरा महिन्यांनी ५ टक्के वाढ धरली, तर भाडं २१,००० आणि मग २२,०५० होतं. मालकाला एकूण ६,९३,५५० रुपये मिळतात. दर वेळी भांडून १० टक्के पदरात पाडून घेतले तर ७,२८,२०० मिळतात. फरक ३४,६५० रुपयांचा. पण पहिल्याच वाढीला भाडेकरू घर सोडून गेला आणि फ्लॅट एक महिना रिकामा राहिला, तर २२,००० बुडतात. नवा माणूस आणणाऱ्या एजंटची महिन्याभराची दलाली धरा, आणखी २२,०००. रंगकाम वेगळंच. ताणून धरलेली वाढ एका फटक्यात गेली, वर खिशातून घालावे लागले.

भाडेकरूचं गणितही असंच आहे. मालकाने २१,०००ऐवजी २२,००० मागितले म्हणून घर बदललं, तर वाचणार महिना हजार, अकरा महिन्यांत ११,०००. त्यासाठी दलाली, टेम्पो आणि जुनं डिपॉझिट हातात पडायच्या आत नव्या घराचं डिपॉझिट. मुलांची शाळा लांब पडली तर व्हॅनचे पैसे वेगळेच.

म्हणून माझं मत तेहतीसच्या बाजूने आहे, आणि ५ ते ६ टक्क्यांच्या. नोंदणीही एकदाच होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का असल्याने तिथे फार फरक पडत नाही, पण शहरात नोंदणीचे हजार रुपये दर वेळी लागतात, शिवाय एजंटचा घरपोच सेवेचा चार्ज.

बदलीची नोकरी असेल, किंवा मालकाचा मुलगा वर्षभरात परत येऊन त्याच घरात राहणार असेल, तर मात्र अकराच बरे. आसपास मेट्रो सुरू व्हायची असेल तर भाडी चढतील आणि आपण जुन्या भाड्यात अडकू म्हणून मालक लांबच्या कराराला बिचकतात. त्यांची भीती खोटी नाही. तिथे ७ टक्क्यांवर तडजोड करावी.

तेहतीसच्या करारात एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचा: लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट. छापील मसुद्यात ते बऱ्याचदा फक्त भाडेकरूला बांधून ठेवतं आणि मालकाला महिन्याच्या नोटिशीवर मोकळं सोडतं. मग लिहिलेल्या ५ टक्क्यांना अर्थच राहत नाही. नोटीस दाखवून कधीही दहा मागता येतात. लॉक-इन दोघांनाही सारखंच असावं आणि प्रत्येक टप्प्याचं भाडं टक्क्यांत न लिहिता रुपयांत लिहून घ्यावं.

मालकांसाठी: करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने तुमची आहे. नोंदवला नाहीत आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. उलट नोंदलेल्या कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर भाडेकरूला दुप्पट दराने पैसे मोजावे लागतात.